होलकमचा ग्रेट बार्न आणि इंग्लिश इस्टेटींवरच्या शेती-इमारती: त्या अशा का बांधल्या, आणि कशा पाहाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉरफकमधल्या होलकम इस्टेटीवर फिरताना विचारणाऱ्यांनी ग्रेट बार्न पाहिला (बार्न म्हणजे पीक साठवायची आणि मळायची मोठी इमारत). फिक्या विटांची, दोन्ही बाजूंनी काटेकोर सारखी, एखाद्या सरदाराच्या घराला शोभावी अशी ती इमारत. धान्य मळायला आणि गुरं बांधायला नामांकित वास्तुविशारद कशाला लागला? हा निव्वळ जमीनदारी थाट होता का? अशा जुन्या इमारती पाहताना नेमकं काय पाहायचं? आणि आज त्यांची राहती घरं होताना दिसतात, ते बरं की वाईट?

इंग्लंडमधल्या इस्टेटींवरच्या जुन्या शेती-इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

थाट होता, यात शंका नाही. पण त्या बाजूनं बघायला लागलं की आपण दर्शनी भिंत बघतो, कमानी बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. बार्न आवाराच्या उत्तरेला का, गुरं मधोमध का, गाड्यांची पडवी बाहेरच्या बाजूला तोंड करून का, यातलं काहीच उलगडत नाही. माझ्या मते या इमारती शेणखताच्या बाजूनं वाचायला घ्याव्यात. १८व्या आणि १९व्या शतकातल्या इंग्लिश इस्टेटीवरचं शेतीचं आवार हा काडाचं खत करण्याचा कारखाना होता. धान्य, मांस आणि जमीनदाराचा खंड हे सगळं त्या खताच्या जोरावर उभं होतं.

होलकमचंच घ्या. उत्तर नॉरफकची जमीन बरीचशी हलकी, वाळूमिश्रित. अन्नद्रव्यं तिच्यात टिकत नाहीत, आणि वर्षामागून वर्ष गहू घेतला तर ती थकते. तिथे रुळलेली चार वर्षांची फेरपालट अशी होती: पहिल्या वर्षी टर्निप (सलगम), दुसऱ्या वर्षी सातू आणि त्यातच पेरलेलं क्लोव्हर (चाऱ्याचं पीक), तिसऱ्या वर्षी ते क्लोव्हर चारा म्हणून, चौथ्या वर्षी गहू. टर्निप मुख्यतः जनावरांसाठी. मेंढ्या थेट शेतात टर्निपवर बसवायच्या, म्हणजे त्यांचं लेंडीखत जागच्या जागी पडायचं. गुरं मात्र हिवाळाभर आवारात. स्कॉटलंडहून पायी हाकत आणलेली गुरं नॉरिचजवळच्या सेंट फेथ्सच्या जत्रेत विकत घ्यायची, थंडीभर पोसायची आणि लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराला पाठवायची. त्यांच्या पायाखाली रोज नवं काड पसरायचं. गुरं ते तुडवत, शेण-मूत त्यात मुरत राही, आणि वसंत ऋतू येईपर्यंत आवारात खताचा जाड थर साचे. तो गाड्यांत भरून पुन्हा शेतात. खर्च-जमेच्या वहीत मांसाचा नफा कमी दिसला तरी शेतकरी गुरं ठेवत असे, कारण त्यांच्याशिवाय पुढचा गहूच नव्हता.

आता या फेऱ्यात इमारती बसवून पाहा.

पीक पहिल्यांदा येतं बार्नमध्ये. आपल्याकडे सुगीनंतर कोरडे दिवस असतात, म्हणून उघड्या खळ्यावर मळणी आणि उफणणी उरकते. इंग्लंडमध्ये कापणीच्या दिवसांतही पावसाचा भरवसा नाही आणि पुढे तर ओल वाढतच जाते. म्हणून तिथलं खळं छपराखाली आहे. बार्नच्या लांब भिंतींत समोरासमोर दोन उंच दारं असतात. भरलेली गाडी एका दारानं आत येते, माल उतरवून दुसऱ्या दारानं निघून जाते. दोन दारांमधली पट्टी म्हणजे खळं: ओकच्या जाड फळ्या, दगडी फरशी किंवा चोपलेली माती. कातड्याच्या वादीनं जोडलेल्या दोन दांड्यांनी तिथे धान्य झोडपायचं, मग दोन्ही दारं उघडून आरपार वाऱ्यावर उफणायचं. खळ्याच्या एका बाजूच्या खणांत न मळलेल्या पेंढ्या, दुसऱ्या बाजूच्या खणांत काड. भिंतीतल्या अरुंद फटी हवेसाठी. त्या बाहेरून चार बोटांच्या आणि आतल्या बाजूला रुंद होत गेलेल्या असतात, म्हणजे वारा येतो पण पाऊस शिरत नाही. टोकाच्या त्रिकोणी भिंतीत उंचावर ठेवलेलं भोक गव्हाणी घुबडासाठी. उंदरांचा बंदोबस्त करणारा हा पाहुणा शेतकऱ्याला हवाच असायचा.

एक गोष्ट बहुतेक जणांच्या नजरेतून सुटते. मळणी कापणीनंतर लगेच उरकून टाकत नसत, ती हिवाळाभर थोडी थोडी चाले. एक कारण मजुरांना थंडीत काम राहावं हे होतंच. दुसरं असं की आवारातल्या गुरांना रोज ताजं काड हवं असे. म्हणून बार्नचं एक दार जवळपास नेहमी गुरांच्या आवारात उघडतं. धान्य बाहेरच्या दारानं रस्त्याकडे, काड आतल्या दारानं गुरांकडे. हे दोन प्रवाह ओळखता आले की अर्धी इमारत कळली.

दिशांचं गणितही यातूनच येतं. बार्न ही आवारातली सगळ्यात उंच इमारत, म्हणून ती उत्तरेला. थंड वारा तिनं अडवायचा. पूर्व-पश्चिमेला बुटक्या, आतल्या बाजूनं उघड्या पडव्या, गुरांना आडोसा म्हणून. दक्षिणेला ठेंगणी भिंत आणि फाटक, म्हणजे हिवाळ्यातलं कलतं ऊन आवारात पोचतं. गाड्यांची पडवी मात्र आवाराकडे पाठ करून रस्त्याकडे उघडते, आणि शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, कारण ऊन लागून लाकडी चाकं तडकतात. तिच्याच वर धान्याची कोठी. खालून वारा खेळतो आणि जमिनीच्या ओलीपासून धान्य लांब राहतं. जिथे कोठी स्वतंत्र असते तिथे ती अळंब्याच्या आकाराच्या दगडांवर उभी केलेली दिसते. त्या दगडांची रुंद टोपी ओलांडून उंदीर वर चढू शकत नाहीत. कूळ शेतकऱ्याचं घर अशा ठिकाणी की खिडकीतून आवारावर नजर राहावी.

हे सगळं साधा गवंडीही जाणत होता. मग ग्रेट बार्नसाठी सॅम्युअल वायट हे नामांकित वास्तुविशारद कशाला?

होलकम हॉल, म्हणजे इस्टेटीचा वाडा, विल्यम केंटच्या आराखड्यावर १७३४ पासून बांधायला घेतला आणि पुरा व्हायला तीस वर्षं लागली. थॉमस विल्यम कोक यांच्या हाती इस्टेट आली १७७६ मध्ये, ते विशीत असताना. जमीन सुमारे ३०,००० एकर, आणि ती कसणारी मोठमोठी कुळं. इंग्लंडमधल्या या व्यवस्थेत एक श्रमविभागणी पक्की होती: जमीन, कुंपणं आणि इमारती जमीनदाराच्या, गुरं, अवजारं, बी-बियाणं आणि मजुरी कुळाची. ज्याच्या गाठीला भांडवल आहे आणि जो नव्या पद्धतीनं शेती करेल असा कूळ मिळवायचा तर त्याला चांगलं आवार बांधून द्यावं लागे. कोक लांब मुदतीचे, बऱ्याचदा २१ वर्षांचे भाडेपट्टे देत, आणि त्यांत कोणतं पीक कशानंतर घ्यायचं याच्या अटी असत. इमारत ही त्या कराराचीच दुसरी बाजू होती. जमीनदार म्हणत होता: मी गुरांसाठी एवढा निवारा दिला आहे, म्हणजे तुम्ही तेवढी गुरं ठेवायची आणि तेवढं खत शेतात घालायचं. म्हणून थाट आणि हिशोब यांतून एक निवडायची गरज मला वाटत नाही. भाडं वाढायला हवं तर आधी इमारत हवी, हा सरळ व्यवहार होता.

वायट यांची निवडही विचारपूर्वक होती. ते स्टॅफर्डशरच्या बांधकाम करणाऱ्या कुटुंबातले, हाडाचे तंत्रज्ञ. लंडनमधली वाफेवर चालणारी प्रसिद्ध अल्बियन मिल त्यांनीच उभारली. ती १७८६ मध्ये सुरू झाली आणि १७९१ मध्ये जळून गेली. धान्य कसं चढवायचं, उतरवायचं, साठवायचं हे या माणसाला कागदापलीकडे ठाऊक होतं. स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) पातळ छपरांचाही त्यांनी हिरिरीनं प्रसार केला. त्यांचा भाऊ बेंजामिन उत्तर वेल्समध्ये पेनरिन इस्टेटीचा कारभारी होता आणि तिथल्या स्लेटच्या खाणी प्रसिद्ध होत्या, हे इथे लक्षात ठेवावं. स्लेटला गवताच्या किंवा कौलांच्या छपरापेक्षा कमी उतार पुरतो. त्यामुळे १७९० च्या सुमारास बांधलेल्या ग्रेट बार्नचं छप्पर जुन्या बार्नसारखं खाली झुकत येत नाही. भिंतींना मोकळा चेहरा मिळतो आणि त्यावर कमानी आणि त्रिकोणी माथे अशी अभिजात रचना करता येते. बांधकामाचं साहित्य बदललं म्हणून शैली शक्य झाली, हा क्रम विसरू नये.

त्या चेहऱ्याला प्रेक्षकही होते. होलकमला दरवर्षी मेंढ्यांच्या लोकरकापणीच्या निमित्तानं मोठा मेळावा भरे. तो १८२१ पर्यंत चालला. सुरुवातीला आसपासची कुळं जमत. पुढे देशभरातले जमीनदार आणि परदेशी पाहुणेही येऊ लागले. जनावरं पाहायची, पेरणीयंत्रं पाहायची, शेतं पाहायची, रात्री हॉलमध्ये जेवण. अशा वेळी बार्न हा प्रदर्शनाचा मंडप ठरे, आणि आपल्या इस्टेटीवर तसंच काही बांधावं असं वाटून लोक परत जात.

इथे एक सावधगिरीची सूचना. कोक यांनी ओसाड नॉरफकचं नंदनवन केलं ही कथा पाहुण्यांनी आणि स्तुतिपाठकांनी फुगवलेली आहे. टर्निप आणि क्लोव्हरची फेरपालट त्यांच्या आधीच नॉरफकमध्ये रुजली होती. शेजारच्या रेनमचे लॉर्ड टाउनशेंड १८व्या शतकाच्या पूर्वार्धातच टर्निपसाठी ओळखले जात. कोक यांचं खरं काम मला वेगळं वाटतं: माहीत असलेल्या पद्धतीला त्यांनी विटांचं, कायमचं रूप दिलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. त्यांच्या मृत्यूनंतर (१८४२) वर्गणी काढून उभारलेला स्तंभ होलकमच्या उद्यानात आहे. त्याच्या चार कोपऱ्यांवर बैल, मेंढ्या, नांगर आणि पेरणीयंत्र आहेत, माथ्यावर गव्हाची पेंढी. सेनापतींच्या स्तंभांना सरावलेल्या डोळ्यांना हे फार वेगळं वाटतं. पुन्हा गेलात तर जवळ जाऊन बघा.

वायट यांचंच आणखी एक काम पाहण्यासारखं आहे: स्टॅफर्डशरमधल्या शगबरोचं पार्क फार्म, १८०५. मालक लॉर्ड ॲन्सन हे कोक यांचे जावई, म्हणजे कल्पना सासरहूनच आली म्हणा. तिथे आवारातच पाणचक्की बसवली आहे. या मांडणीत धान्य पिकवणं, दळणं आणि जनावरांना घालणं हे एकाच आवारात येतं.

याच काळातलं उलट टोक म्हणजे केंब्रिजशरमधलं विंपोल. तिसऱ्या अर्ल ऑफ हार्डविक यांनी १७९० च्या दशकात जॉन सोन यांच्याकडून होम फार्म, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या शेतीचं आवार, बांधून घेतलं. सोन म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद, घुमटांचे उस्ताद. इथे मात्र त्यांनी लाकडी सांगाडा, बाहेरून फळ्या आणि वर गवताची शाकारणी असं ठरवलं. त्या भागातल्या गावकऱ्यांच्या बार्नचीच ही भाषा, फक्त प्रमाणं आणि मांडणी शिस्तीची. होलकमचा बार्न जमिनीतून उगवल्यासारखा वाटत नाही, तो तिथे आणून ठेवल्यासारखा आहे. विंपोलचा तिथलाच वाटतो. माझं मन विंपोलकडे झुकतं हे कबूल करते. विंपोल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असल्यामुळे आत जाऊन सांगाडा पाहता येतो, आणि आवारात आजही जुन्या जातींची जनावरं पाळली जातात.

या सगळ्यांचे पूर्वज पाहायचे तर ऑक्सफर्डशरमधल्या ग्रेट कॉक्सवेलला जा. १३व्या शतकाच्या सुरुवातीला किंग जॉननं ही जहागीर सिस्टर्शियन साधूंना दिली आणि त्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या ब्यूली मठानं हा बार्न उभारला: सुमारे १५२ फूट लांब, ४४ फूट रुंद, ४८ फूट उंच. बाहेरून कॉट्सवोल्डचा दगड, आत ओकच्या खांबांच्या सहा जोड्या, प्रत्येक खांब माणसापेक्षा उंच दगडी जोत्यावर. छपराच्या दगडी पाट्या वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जातात. सगळ्यात जड पाटी भिंतीच्या जवळ राहावी, हा त्यामागचा हिशोब. टोकाच्या भिंती फोडून मोठी दारं १८व्या शतकात केली, मोठ्या गाड्या आत याव्यात म्हणून. अशा बार्नना लोक सरसकट चर्चच्या दशमांश कराचे बार्न म्हणतात. हा तसा नव्हे. मठाच्या स्वतःच्या शेतीचं धान्य इथे येत असे. कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिस यांचं घर इथून जवळच होतं आणि त्यांना हा बार्न एखाद्या कॅथीड्रलच्या तोलाचा वाटे. त्याच मॉरिसनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिची तत्त्वं आम्ही रोजच्या कामात आजही वापरतो.

आता यंत्रांचा काळ, थोडक्यात. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल यांनी १७८६ च्या सुमारास चालणारं मळणीयंत्र केलं. नॉर्थम्बरलंडसारख्या उत्तरेकडच्या परगण्यांत खाणींमुळे मजूर महाग होते. तिथे बार्नच्या पाठीला चिकटून गोल किंवा अनेक कोनांच्या पडव्या आल्या. आत घोडे फिरत आणि यंत्र चाले. पुढे वाफेच्या इंजिनांची विटांची धुराडी आली. शेताच्या मध्यात धुराडं दिसलं की बरेच जण गिरणी समजतात. दक्षिणेत आणि पूर्वेत मजूर स्वस्त होते आणि हिवाळ्यात त्यांना मळणीशिवाय दुसरं काम नव्हतं. १८३० मध्ये तिथल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. नॉरफकही त्यात होतं. एकाच काळात उत्तरेकडच्या आवारांत इंजिनघर आहे आणि दक्षिणेकडे हातमळणीची खळी तशीच टिकली, याचं कारण मजुरीच्या दरात आहे.

१८४० नंतर खताचा विचार रसायनशास्त्राच्या हाती गेला. जॉन लॉज यांनी आपल्या रोथमस्टेड इस्टेटीवर १८४३ मध्ये खतांचे प्रयोग सुरू केले. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस फेल्कर यांनी १८५० च्या दशकात शेणखताची तपासणी करून दाखवलं की उघड्यावर पावसात पडलेल्या खतातलं सत्त्व धुऊन जातं. जमीनदारांनी हे गंभीरपणे घेतलं. छपरांना पन्हळी लागल्या, म्हणजे पावसाचं पाणी आवारात न पडता बाहेर जाईल. मूत साठवायला जमिनीखाली टाक्या आल्या. आणि शेवटी संपूर्ण आवारच छपराखाली आलं. रेल्वेमुळे वेल्सची स्लेट आणि ओतीव लोखंडाचे खांब कुठेही पोचू लागले. विटांवरचा कर १८५० मध्ये उठला. त्यामुळे या काळातल्या शेती-इमारती डेव्हनपासून लिंकनशरपर्यंत एकमेकींसारख्या दिसू लागतात. वास्तुविशारदापेक्षा इस्टेटीचा कारभारी आणि अभियंता महत्त्वाचे झाले. अर्ल ऑफ रॅडनर यांच्या कोल्सहिल इस्टेटीवरचं १८५४ चं आदर्श आवार या वळणाचं चांगलं उदाहरण आहे.

याच काळात गुरांच्या खाद्यात तेलबियांची पेंड आली. गुरं लवकर भरत आणि शेणखतही कसदार होई. त्यात हिंदुस्थानातल्या जवसाचा मोठा वाटा होता. नागपूर-वऱ्हाडाकडचं जवस मुंबई बंदरातून जाई आणि ब्रिटनच्या बाजारात ‘बॉम्बे लिनसीड’ हा त्याचा ओळखीचा दर्जा होता. तेल रंगांच्या कारखान्यांना, पेंड गुरांना. विदर्भातल्या काळ्या मातीचा कस असा इंग्लंडच्या शेतात जाऊन पडला. या आवारांचा इतिहास लिहिताना ही बाजू क्वचितच मांडली जाते, आणि ती मांडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१८७० च्या दशकात अमेरिकेचा स्वस्त गहू आला आणि भाव कोसळले. नुकत्याच बांधलेल्या महागड्या आवारांचं भांडवल बऱ्याच इस्टेटींना परत मिळालंच नाही. नवीन बांधकाम थांबलं, आणि थांबलं म्हणूनच जुनं टिकलं. नंतर ट्रॅक्टर आले, मळणी शेतातच होऊ लागली, खत पोत्यातून येऊ लागलं. काड आणि शेण यांचा फेरा तुटला तशी या इमारतींची कामंही संपली.

पाहायला गेलात तर चेहऱ्याआधी आवाराच्या मधोमध उभे राहा आणि दक्षिण शोधा. मग खाली बघा. आवाराच्या तोंडाशी भिंतींचे कोपरे गोल केलेल्या विटांचे असतात, आत-बाहेर करताना गुरांच्या कुल्ल्यांना इजा होऊ नये म्हणून. गुरांच्या खांद्याच्या उंचीवर विटा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. दार आडवं दुभागलेलं आणि रुंद असेल तर बहुधा तबेला. आत दगडगोट्यांची फरशी नालीकडे उतरती असेल. कोठीच्या आतल्या भिंतींना गिलावा असतो, कारण विटांच्या फटीत धान्य अडकून किडतं, आणि त्या गिलाव्यावर पोत्यांच्या मोजणीच्या रेघा सापडतात. लाकडी सांगाड्यावर सुतारांचे रोमन आकडे कोरलेले दिसतील. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत, खुणा करत, सुटा करत आणि मग उभा करत. आकडे सलग नसतील तर मध्ये केव्हातरी दुरुस्ती झाली आहे किंवा लाकूड दुसऱ्या इमारतीतून आलं आहे. काही बार्नच्या खांबांवर कर्कटकानं काढलेली सहा पाकळ्यांची फुलंही असतात. शेवटी भिंतीवरचा दगड बघा: साल, आद्याक्षरं, सरदारकीचा मुकुट. आजूबाजूच्या कुळांच्या घरांवरही तीच खूण आणि दारांना तोच रंग दिसला की इस्टेटीची हद्द नकाशाशिवाय कळते.

दुरुस्तीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरं करण्याच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. गोठे आणि तबेल्यांच्या भिंतींत शे-दोनशे वर्षांचं मूत मुरलेलं असतं. त्यातले नायट्रेट क्षार हवेतली ओल खेचून घेतात. भिंत ओलसर दिसते, पण पावसाशी त्याचा संबंध नसतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा पाणी अडवणारा रंग लावला की क्षार आतच स्फटिक होतात आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा, आणि तो खराब झाला की पुन्हा करायचा. तो झिजण्यासाठीच असतो. त्याआधी पन्हळी साफ आणि छप्पर सुस्थितीत. कुजलेल्या खांबाचा फक्त कुजका भाग काढून नवा ओक जोडावा. अख्खा खांब बदलणं सोपं वाटतं, पण त्यात सुताराच्या खुणा आणि मूळ सांधे दोन्ही जातात. वटवाघळं आणि गव्हाणी घुबड यांना ब्रिटनमध्ये कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून काम केव्हा सुरू करायचं हे त्यांच्या विणीच्या हंगामावर ठरतं. मला ही अट योग्यच वाटते.

आता घरं. रिकामी इमारत टिकत नाही, त्यामुळे नवा वापर हवाच. इंग्लंडमध्ये २०१४ पासून साध्या शेती-इमारतींचं घरात रूपांतर करणं नियमांनी सोपं झालं आहे. संरक्षित यादीतल्या इमारतींना ही सवलत नाही, आणि यादीतल्या मुख्य इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेली बांधकामंही त्या संरक्षणात येतात. तरीही नुकसान होतं, आणि ते बार्नमध्ये सगळ्यात जास्त. बार्नचं सौंदर्य त्याच्या अखंड पोकळीत आहे. चार झोपण्याच्या खोल्या हव्या म्हटलं की मधे मजला येतो, छपरात खिडक्या येतात, आणि बाहेरून बार्न, आतून सदनिका असं काहीतरी उरतं. गाड्यांच्या पडव्या आणि गोठे यांचं तसं नाही. त्या मुळातच खणाखणांच्या आहेत, त्यांत कार्यालयं, कार्यशाळा, लहान घरं चांगली बसतात. म्हणून इस्टेटीचे मालक सल्ला मागतात तेव्हा मी सांगते: पैसा मिळवण्याची जबाबदारी पडव्यांवर टाका. बार्न सभा, लग्नं, बाजार, गवत साठवणं अशा मोकळ्या वापराला ठेवा. आणि मधलं आवार कुंपणं घालून घरांच्या बागांत वाटू नका. काड आणि शेण तिथेच एकत्र येत होतं, बाकीच्या सगळ्या भिंती त्याच्याभोवती रचल्या आहेत. ते तुकड्यांत वाटलं गेलं की दरवाजे कुणीकडे आणि का उघडत होते हे पुढच्या माणसाला कळायचा मार्ग राहत नाही. परवानगीच्या अर्जात आवाराची फरशी, उतार आणि फाटकं इमारतींइतक्याच तपशिलानं नोंदवायला लावा. स्थानिक नियोजन अधिकारी ते सहसा मान्य करतात, फक्त कुणीतरी ते मागावं लागतं.